आषाढात तासलेले दार

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका निवृत्त वाचकाने दीर्घ पत्र पाठवले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश येथे देत आहोत.

मुंबईतील कार्यालयीन नोकरी संपल्यावर हे गृहस्थ पत्नीसह वडिलोपार्जित चिरेबंदी घरात राहायला आले. घराची किरकोळ दुरुस्ती आपण स्वतः करायची, या हौसेने त्यांनी ड्रिल मशीन आणि हत्यारांची भलीमोठी पेटी विकत घेतली. पडवीचे मागचे दार पावसात घट्ट बसू लागले म्हणून आषाढात त्याची कड रंध्याने तासली, तर मार्गशीर्षात त्याच दाराला पेन्सिल जाईल एवढी फट पडली आणि तिच्यातून उंदराची पिल्ले आत येऊ लागली. बिजागरीचे स्क्रू कितीही पिळले तरी जागच्या जागी फिरत राहतात. माजघरातल्या चिऱ्याच्या भिंतीला भोके पाडून बसवलेली फळी डब्यांसकट खाली आली. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलूनही नळ गळतोच, शिवाय त्या खटाटोपात घराचे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिले. एकदा पटाशी निसटून डाव्या तळहातात घुसली. पेटीतली हत्यारे एका पावसाळ्यात गंजली. पत्नी म्हणते, ‘मेस्त्र्यांना बोलवा.’ मेस्त्री म्हणतात, ‘फाल्या येतंय,’ आणि तो उद्याचा दिवस चतुर्थी उलटली तरी उजाडत नाही. वडील चार-पाच हत्यारांत सारे घर सांभाळत असत, ही आठवण वाचकाला विशेष बोचते. त्यांचा प्रश्न असा आहे : ‘माझ्या हातात कलाच नाही असे समजून पेटी कोणाला तरी देऊन टाकावी, की जिद्दीने शिकत राहावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील प्रत्येक फजितीला तुम्ही एकच कारण दिले आहे, आणि ते म्हणजे तुमचे हात. मला मात्र पत्र वाचताना प्रत्येक ठिकाणी वेगळे कारण दिसले. दाराच्या बाबतीत ऋतू आडवा आला, स्क्रूच्या बाबतीत भोक, फळीच्या बाबतीत चिरा, नळाच्या बाबतीत त्याची आतली बैठक आणि पटाशीच्या बाबतीत तिची बोथट धार. या पाचांपैकी एकाही ठिकाणी कुशल हात असते तर काम साधले असते असे मला वाटत नाही, कारण नेमके काय बिघडले आहे हे पाहण्यापूर्वीच हत्यार उचलले गेले होते. बिघाड ओळखणे हा दुरुस्तीचा अर्धा भाग असतो आणि त्याला हाताची कला लागत नाही. डोळे आणि थोडा धीर लागतो. इतकी वर्षे कार्यालयात कागद तपासलेल्या माणसाजवळ या दोन्ही गोष्टी असणारच.

दारापासूनच सुरुवात करू, कारण किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला हा त्रास आहे. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि हवा कोरडी झाली की आक्रसते, पण ते सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, फरक जवळजवळ पडत नाही. तो पडतो रुंदीत. आंब्याच्या किंवा तशाच साध्या लाकडाची फूटभर रुंदीची फळी आपल्याकडच्या भर पावसात आणि कोरड्या दिवसांत मिळून तीन-चार मिलिमीटरने सहज कमीजास्त होते. सागवानात हा फरक त्याहून कमी असतो. तुमचे दार उभ्या फळ्या जोडून केलेले आणि अडीच फूट रुंद असेल, तर सगळ्या फळ्यांचे फुगणे एकत्र होऊन कडीच्या बाजूला प्रकट होते. आषाढात तुम्ही कडेचे जे लाकूड तासून काढले, ते मार्गशीर्षात दाराला लागणारच होते. म्हणून पावसाळ्यात दार तासायचे नाही, हा पहिला नियम आहे. त्या दिवसांत फक्त दार नेमके कुठे घासते तेथे खडूने खूण करून ठेवावी, घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळून वेळ मारून न्यावी, आणि दिवाळीनंतर लाकूड आक्रसल्यावरही तीच खूण घासत असेल तरच, तीही कागदाच्या जाडीइतकी, तासावी.

घासणारे प्रत्येक दार फुगलेलेच असते असेही नाही. दार अर्धे उघडा, कडीच्या बाजूने खालून दोन्ही हातांनी हलकेच वर उचला. ते जरासे वर आले, तर वरची बिजागरी सैल आहे आणि दार लोंबते आहे. मग ते कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात चौकटीला आणि खाली उंबऱ्याला घासते. उलट, दार मुळीच उचलले जात नसेल आणि उभ्या कडेवर बऱ्याच लांबीपर्यंत घासत असेल, तर ते फुगले आहे. तुम्ही लिहिता की तुमच्या बिजागरीचे स्क्रू फिरत राहतात. तेव्हा तुमच्या दारात दोन्ही दोष एकदम होते, अशी मला दाट शंका आहे. स्क्रू आधी पक्के झाले असते तर रंध्याला कदाचित कमी काम पडले असते.

आता तासले ते तासले. दुःख करण्यासारखे त्यात फार काही नाही, कारण ते दार पुढच्या पावसाळ्यात नीट उघडेल आणि मिटेल. राहतो प्रश्न कोरड्या दिवसांतल्या फटीचा. ती भरण्यासाठी कडेला नवे लाकूड चिकटवू नका, नाहीतर आषाढात पुन्हा तेच होईल. त्याऐवजी दार जिकडे उघडते त्या बाजूच्या तोंडावर, कडीच्या कडेने, दीड इंच रुंदीची पातळ सागवानी पट्टी अशी बसवा की ती दाराच्या कडेपासून अर्धा इंच पुढे येऊन चौकटीवर टेकेल. पट्टी फट झाकते, पण दाराच्या फुगण्याला अडवत नाही. उंदराच्या पिल्लाला पेन्सिलीएवढी फट पुरते, हे तुम्हाला अनुभवाने कळलेच आहे, म्हणून ही पट्टी उंबऱ्यापर्यंत न्यावी.

चैत्रात, लाकूड पुरते वाळलेले असताना, जमले तर दार उतरवून त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा पाहा. बहुतेक दारांच्या या दोन कडांना रंग लागलेला नसतो, कारण त्या कोणाला दिसत नाहीत; परंतु फळीच्या टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि ओलावा सर्वांत जलद तेथूनच शिरतो. त्या कडांना ऑइलपेंटचे किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात दिले तर दाराचे फुगणे थांबत नाही, पण बरेच मंदावते. आपल्याकडे होड्यांच्या आणि घराच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची चाल आहे आणि वाळवीच्या बाबतीत तिचा उपयोगही होतो. मात्र ते तेल कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. अळशीचे तेल वापरणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी की त्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या चिंध्या उन्हात पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

जागच्या जागी फिरणाऱ्या स्क्रूचे दुखणे भोकात असते. गंजलेल्या स्क्रूभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत होते, आणि मग तेथे कितीही जाड स्क्रू घातला तरी त्याला धरायला काही उरत नाही. आगपेटीच्या काड्या कोंबण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे आणि तो कपाटाच्या दाराला चालतोही. मात्र पडवीच्या जड दाराला तो फार दिवस पुरत नाही. भोक ड्रिलने आठ-दहा मिलिमीटरपर्यंत मोठे करून आतले काळे लाकूड निघून जाऊ द्या, पांढरे-पिवळे घट्ट लाकूड दिसू लागले की सागवानाची किंवा पक्क्या बांबूची गोल खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकून बसवा, आणि एक दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी खुंटी चौकटीच्या पातळीला कापून तिच्यात स्क्रूच्या आतल्या दांड्याइतक्या जाडीचे भोक आधी पाडा व मग स्क्रू पिळा. भोक न पाडता स्क्रू नुसत्या जोराने आत दडपण्याची सवय मोडली पाहिजे. ऐनासारख्या टणक लाकडात तर त्याने एक तर लाकूड तडकते, नाहीतर स्क्रूचे डोके तुटते.

स्क्रू कोणता घ्यावा, यावर किनाऱ्यावरच्या माणसाने थोडा अधिक पैसा खर्च करावा असे माझे ठाम मत आहे. हल्ली सर्रास मिळणारे काळे स्क्रू जिप्समच्या फळ्यांसाठी असतात. आपल्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात, आणि ठिसूळ असल्यामुळे काढताना मधोमध तुटतात. बिजागरी पितळेची असेल तर स्क्रू पितळेचाच घ्यावा, कारण पितळेला लागून असलेला लोखंडी स्क्रू खाऱ्या दमटपणात एरवीपेक्षा लवकर झिजतो. पितळ मऊ असते, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून तो बसवावा. स्टेनलेस स्टीलचा घ्यायचा तर 304 किंवा, समुद्र अगदी समोर असेल तर, 316 प्रतीचा मागावा. खिशात छोटे लोहचुंबक घेऊन दुकानात गेलात तर हरकत नाही. त्याला घट्ट चिकटणारा चकचकीत स्क्रू बहुधा नुसता मुलामा दिलेला असतो.

आणि स्क्रूड्रायव्हर? तुमच्या पेटीत तो बहुधा डझनभर मापांचा असेल, तरी तुम्ही हाताला येईल तोच उचलत असणार. अधिक चिन्हाच्या खाचेचे नेहमीचे लाकडी स्क्रू दोन नंबरच्या टोकाचे असतात. एक नंबरचे टोक त्यांत सैल बसते, घसरते आणि खाच गुळगुळीत करून टाकते. त्यानंतर त्या स्क्रूशी कोणाचेच काही चालत नाही. टोक खाचेत बसवून हात सोडल्यावर स्क्रूड्रायव्हर डुगडुगला नाही, तर माप बरोबर आहे. गंजून बसलेला स्क्रू काढताना खाचेतला रंग आणि गंज टोकदार खिळ्याने खरवडून काढा, तेलाचा थेंब सोडून रात्रभर थांबा, डोक्यावर हातोडीने दोन-चार हलके ठोके द्या आणि प्रथम तो किंचित आवळून मग सोडवा. आवळण्याने गंजाची पकड सुटते, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

तुमच्या फळीचा दोष मी सर्वस्वी ड्रिल मशीनच्या एका बटणाला देतो. त्यावर हातोडीचे चित्र असते. ते सिमेंट काँक्रीटसाठी आहे. तुमचा चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभ्यावर त्या ठोक्यांनी भोकाच्या कडा ढासळतात आणि आठ मिलिमीटरच्या भोकाचे बारा मिलिमीटर कधी झाले ते कळतही नाही. जांभा एकजीव दगड नसतो. त्यात जागोजागी मऊ मातीने भरलेल्या पोकळ्या असतात. ड्रिलमधून तांबडी, खरखरीत भुकटी येत असताना एकाएकी पिवळी किंवा पांढुरकी माती येऊ लागली आणि ड्रिल आपोआप आत धावले, की समजावे आपण पोकळीत शिरलो आहोत. ती जागा सोडून इंच-दोन इंच सरकावे. ठोक्याचे बटण बंद ठेवून आधी सहा मिलिमीटरचे आणि मग आठचे भोक पाडावे, आतली भुकटी फुंकून किंवा सायकलच्या पंपाने पूर्ण काढावी आणि चांगला लांब प्लग घालावा. जुन्या घरांत दोन चिऱ्यांमधला सांधा पुष्कळदा नुसत्या मातीचा असतो, म्हणून सांध्यात कधीच प्लग ठोकू नये; गिलाव्याखाली सांधा कुठे आहे हे बोटांच्या पेरांनी ठोकून, आवाजावरून ओळखता येते.

एवढे करूनही डब्यांच्या फळीचा भार प्लगवर टाकू नये, असेच मी म्हणेन. जुन्या घरांत भिंत बांधतानाच चिऱ्यांमध्ये लाकडी खुंट्या बसवून घेत आणि कोनाडे ठेवत, ते उगीच नव्हे. बांधून झालेल्या चिऱ्याच्या भिंतीला भोके पाडणे त्या लोकांना पसंत नव्हते. तुम्ही भिंतीवर एक लांब, जाड लाकडी पट्टा सहा-सात ठिकाणी स्क्रूने बसवा आणि फळीचे टेकू त्या पट्ट्याला जोडा, म्हणजे भार वाटला जाईल. याहून जड काही असेल तर खाली पाय असलेली मांडणी करा. ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीतून वीजवाहिनी गेलेली नाही ना, हेही पाहावे. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नये.

नळाविषयी थोडक्यात. वायसर नवा घातला आणि तरी नळ गळतो, याचा अर्थ ज्या पितळी बैठकीवर तो वायसर टेकतो ती झिजली आहे किंवा तिच्यावर रेतीचा कण बसला आहे. बोट फिरवून पाहा. चरा लागला तर नळच बदलावा, कारण त्यात वेळ घालवण्याइतकी त्याची किंमत नसते. गळतो म्हणून नळ अधिक जोराने आवळणे मात्र थांबवा, त्याने चांगला वायसरही कापला जातो. नवा नळ बसवताना आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आटे ज्या दिशेने पिळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी, म्हणजे बसवताना ती उलगडत नाही.

तळहातातल्या जखमेबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण पत्रातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, खोल आणि अरुंद जखमेत ते वाढतात. हत्यार गंजलेले नव्हते म्हणून निर्धास्त राहू नये. तुमचे इंजेक्शन शेवटी कधी झाले होते हे आठवत नसेल, तर हे वाचून झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन या. पटाशी हातात घुसते ती बहुधा बोथट असते म्हणून, कारण बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेले हत्यार निसटले की आवरत नाही. विकत आणलेली पटाशी धार लावूनच वापरायची असते. पेटीतून काढली तशी ती कामाची नसते. धारेच्या दगडावर पंचवीस-तीस अंशांचा कोन सांभाळून पुढेमागे घासावी, पाठीवर आलेला बारीक काठ दगडावर सपाट ठेवून काढावा, आणि दंडावरचे केस निघू लागले की थांबावे. काम करताना लाकूड शिकंजात किंवा दोरीने पाटाला बांधून ठेवावे आणि दुसरा हात कायम धारेच्या मागे असावा. हातात धरलेल्या लाकडावर पटाशी चालवायची नाही, ती कितीही छोटी खाच असो.

गंजाचे कारण तुमचा निष्काळजीपणा असेल असे समजू नका. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड गंजू लागते, आणि आपल्याकडे ज्येष्ठ ते भाद्रपद ती ऐंशी-नव्वदच्या घरात असते. त्यात समुद्राचे मीठ. प्लॅस्टिकची बंद पेटी दमट हवा आत कोंडून ठेवते, म्हणून तिच्यातली हत्यारे उघड्यावरच्यांपेक्षाही लवकर खराब होतात. मृगाच्या आधी प्रत्येक हत्यार शिलाईयंत्राच्या तेलाने किंवा पेट्रोलियम जेलीने पुसून, जुन्या सुती कापडात गुंडाळून चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवा. चूल नसेल तर फ्रिजच्या मागच्या उबदार जागी ठेवा. मग तुमच्या लक्षात येईल की पुसण्याच्या लायकीची हत्यारे फार नाहीत : हातोडी, दोन मापांचे स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, एक पान्हा, अर्ध्या आणि एक इंची पटाशी, छोटा रंधा, बारीक दात्यांची करवत, गुण्या आणि ते ड्रिल. पेटीतले बाकीचे कोणाला तरी देऊन टाकायला माझी खुशाल संमती आहे.

ज्यांना तुम्ही हात लावू नये अशी दोन कामे आहेत. पहिले विजेचे. 230 व्होल्टचा धक्का ओल्या भिंतीजवळ, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला जिवावर बेततो. बल्ब बदलण्यापलीकडचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडेच द्यावे, आणि त्यांना बोलावलेच आहे तर 30 मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा स्विच घराला आहे का, हेही विचारून घ्यावे. दुसरे छपराचे. 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आदळलेल्या निसर्ग वादळाच्या वेळी आणि मे 2021 मधल्या तौक्तेच्या वेळी किनाऱ्यावर असंख्य घरांची कौले उडाली, आणि अशा वेळी माणूस मिळत नाही म्हणून साठीतली माणसे स्वतः शिडी लावतात. शेवाळलेल्या मंगळुरी कौलावर पाय ठरत नाही आणि खाली रीप नसेल तेथे कौल वजनाने फुटते. एखादे कौल नुसते सरकले असेल तर ते घराच्या आतून, शिडीवर उभे राहून काठीने वर ढकलून जागेवर आणता येते; तेवढेच करावे.

आता वडिलांविषयी. त्यांची आठवण तुम्ही स्वतःला मोजायची पट्टी म्हणून वापरता आहात, आणि ती तुलना मला न्याय्य वाटत नाही. त्यांच्या घरात नळ, प्लग, ड्रिल यांतले काहीच नव्हते. पुष्कळ जुन्या दारांना तर बिजागऱ्याही नसत, ती वरखाली लाकडी खुंटावर फिरत. दुरुस्त्या थोड्या होत्या, त्याच त्या होत्या, आणि गावचा सुतार बलुतेदार असल्यामुळे वर्षाच्या धान्यावर त्याचे घरी येणे-जाणे होते. वडिलांनी एकट्याने जे केले असे तुम्हाला मुलाच्या नजरेने दिसले, त्यात त्या सुताराचा किती हात होता हे गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारून पाहा.

पत्नीच्या म्हणण्यातही तुम्ही तुमच्या कौशल्यावरचा अविश्वास वाचला आहे. मला पत्रात वेगळेच दिसले. त्यांची तक्रार अर्धवट राहिलेल्या कामांची आहे. संध्याकाळी उघडलेला नळ, रात्रभर बंद पाणी, आणि जमिनीवर सांडलेले डबे ज्यांना भरावे लागले त्या त्याच आहेत. एक साधा करार करा : जे काम दिवेलागणीपर्यंत मिटणार नाही ते दुपारी उघडायचे नाही, आणि पाण्याचे काम नळाचे दुकान उघडे असताना सकाळी, बदलायचा भाग हातात आल्यावरच सुरू करायचे. स्वयंपाकघरातल्या कामांचा क्रम त्यांनी ठरवावा. कदाचित त्यांना फळीपेक्षा मोरीच्या दाराची कडी अधिक निकडीची वाटत असेल, आणि ती तुम्हाला जमण्यासारखी आहे.

राहता राहिले मेस्त्री. तुम्ही प्रश्न असा मांडला आहे की एक तर मी, नाहीतर ते. माझ्या मते घर टिकते ते दोघांनी मिळून सांभाळल्यावर. आपल्याकडचे कितीतरी सुतार श्रावण लागण्याआधीपासून गणपतीच्या शाळेत मूर्ती घडवण्यात गढलेले असतात. त्याच दिवसांत दारे फुगतात, त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरे नीट करून मागतात, आणि सर्वांना एकच उत्तर मिळते. त्यांना ‘नाही’ म्हणवत नाही म्हणून ते ‘फाल्या’ म्हणतात. तुम्ही पौष ते फाल्गुन या काळात, शक्यतो शिमग्याच्या गडबडीआधी, फोन न करता त्यांच्या घरी जा, आणि जाताना कामांची लेखी यादी न्या, म्हणजे दिवसभराचे काम आहे हे त्यांना दिसेल. एका सैल बिजागरीसाठी कोणी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाहून येत नाही, आणि त्यांनी यावे अशी अपेक्षाही करू नये. ती बिजागरी तुमची. उंबरा बदलणे, लोंबलेला वासा, कुजलेली चौकट ही त्यांची.

ते आले की त्या दिवशी दुसरे काही ठरवू नका. फळीचे दुसरे टोक धरा, भुसा झाडा, मागितलेले हत्यार हातात द्या आणि ते लाकडाकडे किती वेळ नुसते पाहत उभे राहतात तेवढे लक्षात घ्या. तुमची पटाशी त्यांना दाखवून धार कशी लागली आहे ते विचारा. हसतील, पण दगडावर दोन हात मारून दाखवतीलही. मजुरीत घासाघीस करू नका, दुपारचे जेवण घरचे द्या, आणि पुढच्या वर्षीचा पौष महिना त्याच दिवशी बोलून ठेवा. श्रावणात मात्र रस्त्यात भेटले तर गणपतीची चौकशी करावी, दाराचा विषय काढू नये.